सासूबाईंना दिसतील ते रंग

सासूबाईंनी मला पहिल्यांदा तोंडावर ‘नाही’ म्हटलं, तो रविवार मी विसरणार नाही. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. मी केलेला चहा अगोड झाला तरी त्या तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या आणि कप खाली ठेवताना म्हणायच्या, "छान झालाय." मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा आवाज यायचा, "अहो, पुढच्या वेळी आईच्या चहात साखर जरा सढळ हाताने घाला." आमचं असंच चालायचं. जावयाला नावं ठेवायची नाहीत हा त्यांचा नेम, आणि सासूला खोदून विचारायचं नाही हा माझा. आम्हाला एकमेकांशी जे काही बोलायचं असेल ते तिच्यामार्फत.

गेल्या पौषात ती गेली. आजारपण मोठं नव्हतं, त्यामुळे तयारीही नव्हती. घरात दोन माणसं उरली, आणि दोघांना एकमेकांशी सरळ बोलायची सवय नव्हती.

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची चार मजल्यांची इमारत आहे. आमच्या मागे आता उंच टॉवर उभे राहिलेत, पण आमच्याकडे अजून दारं उघडी असतात आणि पॅसेजमध्ये माणसं बसतात. मी एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात लेखी सूचना तयार करण्याचं काम करतो. कुठली झडप आधी उघडायची, कुठली नंतर, काय झालं तर काय बंद करायचं, हे सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर जे शब्द दिसतात तेही माझ्या टेबलावरूनच जातात. बाकी माझं आयुष्य पुस्तकांत गेलं. बायको म्हणायची, तुम्हाला माणसांपेक्षा छापील माणसं बरी वाटतात.

सासूबाई बदलापूरच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर आमच्याकडे आल्या आणि अख्खी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणू लागली. श्रावणात दर सोमवारी संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये सतरंजी पडायची, बायका जमायच्या आणि बाई पोथी वाचायच्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ पोचायचा.

मग त्यांचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. मोतीबिंदू आधीच काढून झाला होता. हा पडद्याचा आजार होता. डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली आणि शेवटी सांगितलं की आहे एवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. त्यांना मधोमध धुरकट दिसतं आणि कडांनी बरं दिसतं. म्हणून बोलताना त्या मान किंचित वळवतात. नवख्या माणसाला वाटतं, बाईंचं लक्ष दुसरीकडेच आहे.

शेवटचे दोन श्रावण माझी बायको त्यांच्या पाठीशी बसली. पोथी त्यांच्या मांडीवर असायची, बराचसा भाग त्यांना पाठ होता, आणि जिथे अडत तिथे मागून हळूच एक शब्द यायचा. बायकांना माहीत होतं, पण कुणी बोललं नाही.

यंदा ज्येष्ठ लागला तेव्हाच एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. काकू मूळच्या पालेगावच्या, शेती होती तेव्हापासूनच्या. तोंडाने फटकळ, पण आमच्या पडत्या काळात महिनाभर डबा त्यांच्याच घरून आला होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "यंदा तुमच्याकडं दुःख हाय. तुमी निवांत बसा नुसत्या. पोथी आमी वाचू कुनीतरी."

"पोथी म्हणजे काय सण आहे?" सासूबाई म्हणाल्या. "दुःखातच वाचतात पोथी. मी वाचीन."

"आवं, पन…" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "डोळं?"

"मी वाचीन," सासूबाई पुन्हा म्हणाल्या, आणि काकू पदर सावरत उठल्या. जाताना दाराशी मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमी समजावा. चारचौघांत अडल्या तर त्यांनाच वाईट वाटंल."

मी समजावलं नाही. मला जे दिसत होतं ते काकूंना कसं सांगणार? बाई देवभोळ्या नव्हत्या. पोथी हातची गेली तर देव रागावेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण आयुष्यभर त्या वाचणाऱ्या होत्या आणि बाकीचे ऐकणारे. मुलगी गेली, शाळा कधीच सुटली, वर्तमानपत्र सुटलं. ही एक जागा उरली होती. ती गेली असती तर उरली असती खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलेली एक म्हातारी, आणि ती त्यांना व्हायचं नव्हतं.

मी ठरवलं की पोथी मोठ्या स्क्रीनवर आणायची.

जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प चारमध्ये, जुने मॉनिटर दुरुस्त करून विकणारं एक दुकान आहे. शेजारीच त्याच मालकाचं चालत्या अक्षरांचे बोर्ड बनवायचं काम चालतं. मालक सिंधी, गप्पिष्ट. मी मोठ्यातला मोठा मॉनिटर मागितला तर त्याने विचारलं, "साहेब, दुकानासाठी की घरासाठी?"

"घरासाठी. सासूबाईंना पोथी वाचायची आहे."

"अरे वा! सास के लिए!" त्याने आतल्या कारागिरांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. "सुना क्या? सास के लिए ले जा रहे हैं. आणि आमचे जावई बघा, लग्नाची पार्टीच मागतात अजून." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कलरचं काय? पोथी आहे तर कलर भी वैसाच पाहिजे. लाल के ऊपर भगवा, पिवळी किनार. मी बनवून देतो, फुकट. रोडच्या पलीकडून दिसेल, माझी गॅरंटी."

मी म्हटलं, बघू. माझ्या मनात रंग ठरलेले होते.

रविवारी दुपारी मी पोथी टाइप करायला बसायचो. बायकोची प्रत समोर असायची, ती लग्नानंतर तिनेच विकत घेतलेली. एका ओळीनंतर दुसरी, सावकाश. त्या दिवसांत मला काही वाचवत नव्हतं. चार पानांनंतर आधीचं विसरायला व्हायचं. पण टाइप करणं जमायचं. एक एक अक्षर पुरेसं होतं.

टाइप करून झाल्यावर मी रंग दिले. जुन्या पुस्तकाच्या पानासारखी सायीच्या रंगाची पार्श्वभूमी आणि तिच्यावर तपकिरी अक्षरं. पांढऱ्या स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर येतो हे मला ठाऊक होतं, म्हणून हा सौम्यपणा. अध्यायांची नावं मी गेरूच्या लाल रंगात घातली. मागे सरून पाहिलं आणि खूप महिन्यांनी काहीतरी सुंदर केल्याचं समाधान वाटलं. माझ्या आवडत्या पुस्तकांची पानं अशीच आहेत.

सासूबाईंना स्टुलावर बसवलं. कीबोर्डवरच्या खाली जायच्या बाणाच्या बटणावर मी कापसाचा एक बोळा डिंकाने चिकटवला होता, म्हणजे बोटाला सापडावा. त्यांनी बटण चाचपलं, मान जरा वळवली आणि सुरुवात केली. ओळीमागून ओळ, कुठेही न अडता. मी थक्क झालो.

"कसं दिसतंय?"

"छान दिसतंय," त्या म्हणाल्या. "केवढे कष्ट घेतलेत तुम्ही."

पुढचा आठवडाभर मी कारखान्यात शीळ घालत फिरत होतो, असं एकाने मला सांगितलं. मला तर कळलंही नव्हतं.

नंतरच्या रविवारी मी दुसरा अध्याय उघडून दिला आणि स्वयंपाकघरात कुकर लावायला गेलो. त्या बाहेर वाचत होत्या. मी तांदूळ धूत ऐकत होतो, आणि मधेच माझा हात थांबला. कारण त्या दुसरा अध्याय वाचत होत्या, आणि मला आत्ता आठवलं होतं की घाईत मी तिसरा उघडला आहे. बाहेर येऊन पाहिलं. स्क्रीनवर तिसराच होता. बोट वेळच्या वेळी बटण दाबत होतं, ओळी वर सरकत होत्या, मान कडेला वळलेली होती, आणि तोंडाने दुसरा अध्याय चालला होता.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. नेहमीसारखा गप्प राहिलो असतो तर ते सोपं होतं. पण हे पुढे पॅसेजमध्ये झालं असतं, सगळ्यांसमोर.

"आई," मी म्हटलं, "हा तिसरा अध्याय आहे."

त्यांचं बोट कापसावर थांबलं.

"मला वाटलं, तुम्ही दुसरा लावाल," त्या म्हणाल्या.

"अजिबात दिसत नाही का?"

"अगदीच नाही असं नाही. काहीतरी आहे एवढं कळतं. चिखलात पावलं उमटावीत तसं."

"मग मागच्या वेळी छान का म्हणालात?"

"तुम्ही एवढे खपलात त्याच्यावर. जावयाला कसं सांगायचं, की तुमचं काम वाया गेलंय म्हणून?" आणि मग हळू आवाजात, "तिला सांगितलं असतं मी. तिने तुम्हाला सांगितलं असतं."

तेव्हा मला कळलं की रंगांची गडबड ही आमच्या अडचणीचा अर्धाच भाग आहे. मी रंग निवडत होतो माझ्या डोळ्यांनी, आणि ज्यांच्या डोळ्यांसाठी निवडत होतो त्या खरं बोलत नव्हत्या. अशाने शंभर रंग लावले असते तरी प्रत्येक वेळी उत्तर ‘छान’च आलं असतं.

"आई, मी जावई आहे हे विसरता येईल का थोडे दिवस?"

"ते कसं विसरू?"

"मग असं करा. मी वर्गातला मुलगा आहे आणि ही माझी वही आहे. तपासा."

त्या हसल्या. पौषानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. "वही तपासायची म्हणजे गुण द्यावे लागतील."

"द्या."

"या पानाला शून्य," त्या म्हणाल्या. चेहरा एकदम शाळेतला झाला होता. "आणि खाली शेरा: सुंदर दिसण्याच्या नादात विद्यार्थी विषय विसरला आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, परीक्षेला पोथी द्यायची नाही, कारण ती त्यांना पाठ होती. रोजच्या वर्तमानपत्रातला एखादा मजकूर टाइप करून द्यायचा. दुसरी गोष्ट मला कारखान्यात सुचली. आमच्या कंट्रोल रूममध्ये पूर्वी स्क्रीनवर सगळे रंग नांदायचे. मग ते काढून सगळं राखाडी केलं, म्हणजे काही बिघडलं की तेवढंच लाल उठून दिसावं. ऑपरेटरांनी त्याला ‘सुतकी स्क्रीन’ नाव ठेवलं होतं. तो राखाडी पाहता पाहता मी घरच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो उघडला आणि त्यातला रंग काढून टाकला. माझं सुंदर पान राखाडीवर राखाडी झालं. अध्यायांची लाल नावं आणि खालचा मजकूर यांत काही फरकच उरला नाही. दोन रंग वेगळे असले म्हणजे वाचता येतं असं मी समजत होतो. खरं तर एक रंग पुरेसा उजळ आणि दुसरा पुरेसा गडद लागतो; रंगाचं नाव काहीही असो. हा फरक मोजून आकडा देणारी सोय इंटरनेटवर फुकट मिळते. माझ्या तपकिरीचा आकडा चांगल्या डोळ्यांनाही जेमतेम पुरेल असा होता.

त्याच आठवड्यात सिंधी दुकानदाराने आपला लाल-भगवा नमुना खरंच बनवून पाठवला. वर दोन कमळंही होती. मन मोडू नये म्हणून मी तो लावून पाहिला.

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं. "आग लागलीय का कुठे?"

"गुण?"

"ज्याने केलंय त्याच्या पालकांना बोलवा."

फोटोतला रंग काढला तर लाल आणि भगवा एकमेकांत विरघळून गेले, फक्त पिवळी किनार हवेत तरंगत राहिली. दुकानदाराला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "कमाल आहे! मग सगळे बोर्ड मी असेच विकतोय की!"

मग मी पांढऱ्यावर काळं केलं. फरक भरपूर, पण स्क्रीनचा पांढरा उजेड त्यांच्या डोळ्यांत पसरायचा आणि अक्षरं त्यात बुडायची. "दोन गुण. खिडकीकडे बघून वाचल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. तेव्हा उलटं करायचं हे ओघानेच आलं. मागे गडद, अक्षरं उजळ.

तो रविवार आला. मी स्क्रीन पूर्ण काळी केली आणि पांढऱ्या मोठ्या अक्षरांत त्या दिवशीची एक छोटी बातमी घातली. सासूबाई बसल्या, मान वळवली, आणि नेहमीसारखा थोडा वेळ गेला. मग त्या एकेक शब्द उचलत म्हणाल्या, "शुक्रवारी… पूर्व भागात… पाणीपुरवठा…" आणि ताडकन माझ्याकडे वळल्या. "अगं बाई! शुक्रवारी पाणी नाही! गुरुवारीच पिंप भरून ठेवायला हवं!"

मी उभाच राहिलो. ही बातमी कुणाला पाठ असणं शक्य नव्हतं. त्यांनी वाचली होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि बहुतेक मी एक वाजवलीही. पण त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, आणि त्यांचा हात मांडीवर परत आला.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे नको."

"डोळ्यांना त्रास होतो?"

"दिसतं. चांगलं दिसतं. पण हे नको मला."

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. ती गेली त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजली टाकली होती. काळी पाटी, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात समई. तेच सगळीकडे फिरलं. त्यांच्या फोनवरही आलं होतं.

"त्या दिवसांत मला फोनवरचं काहीच दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेवढं दिसलं. माझ्या लेकीचं नाव मी असंच वाचलं. पोथी अशी नाही वाचायची मला."

मलाही ती पाटी आठवत होती. आम्ही दोघं त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून होतो, आणि तिच्याबद्दल आम्ही पहिल्यांदाच, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय, एकमेकांशी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण तो रविवार मोठा यासाठी की त्यांनी मला दोन खऱ्या गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या: दिसतं, आणि नको. आता मला नेमकं काय करायचं ते ठाऊक होतं. काळ्याइतकंच गडद, पण काळं नाही. पांढऱ्याइतकंच उजळ, पण पांढरं नाही.

गडद निळा लावला. "सहा. पोलिसांची गाडी वाटते." गडद जांभळा लावला. "सात. पिकलेलं वांगं." मग बाटलीचा असतो त्याहून गडद हिरवा घेतला आणि अक्षरांना फिका, दुधात हळद पडावी तसा पिवळा रंग दिला. आकडा काळ्या-पांढऱ्याच्या खाली होता, तरी ऐसपैस होता. सासूबाईंनी मान वळवली आणि वाचायच्या आधीच म्हणाल्या, "हा तर फळा आहे. शेवटी शेवटी आमच्या शाळेत हिरवे फळे आले होते. पिवळा खडू मी जपून ठेवायचे, तो जास्त दिसायचा." मग त्यांनी भाजी बाजाराची अख्खी बातमी वाचून काढली आणि गवार महागली म्हणून हळहळल्या.

"गुण?"

"नऊ."

"एक का कापला?"

"ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतोय. आणि अक्षर एवढं जाड कशाला? ‘ष’चं पोट बुजलंय."

त्या ओळी मी दूर केल्या, अक्षर थोडं सडपातळ केलं. गडद पाटीवर उजळ अक्षर असतं त्याहून जाड दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. अध्यायांची नावं वेगळ्या रंगाऐवजी दुप्पट मोठी केली आणि खाली एक रेघ ओढली. मग पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "दहा मी कुणालाच देत नाही. पण चालेल."

पहिल्या सोमवारी संध्याकाळी पॅसेजमध्ये सतरंजी पडली आणि स्टुलावर मॉनिटर ठेवला. वरच्या ट्यूबलाइटची पट्टी त्याच्यावर चकाकत होती, म्हणून मी तो तिरका फिरवला. बायका येऊ लागल्या तशी कुजबुज सुरू झाली.

"पोथी टीव्हीवर लावलीय का गं?"

"वायफाय लागतो का देवाला?"

"हिरवी कशी पोथी? आमच्यात हिरवी नसते."

"बाईंच्यात असते," सासूबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. कुणीतरी मॉनिटरला हळदकुंकू लावलं. कुणीतरी हार घातला, तो बरोबर पहिल्या दोन ओळींवर लोंबू लागला. मी तो वर सरकवला. काकू समोरच बसल्या होत्या, स्वतःची पोथी पिशवीतून काढून मांडीवर ठेवून. मला त्यामागचा हेतू कळला. बाई अडल्या तर काकू तिथून पुढे उचलून नेणार होत्या. वाईट हेतू नव्हता. सासूबाईंच्या पाठीमागची जागा रिकामी होती.

त्यांनी कापूस चाचपला आणि वाचायला सुरुवात केली.

पूर्वीपेक्षा त्या सावकाश वाचत होत्या. मी दाराशी उभा होतो आणि मला तो संथपणा सोन्यासारखा वाटत होता, कारण जे पाठ असतं ते माणूस धावत म्हणतं. त्या शब्द पाहत होत्या आणि मग उच्चारत होत्या. एकदा जोडाक्षरावर थांबल्या, मान थोडी अजून वळवली, आणि पुढे गेल्या. काकूंचं बोट त्यांच्या पोथीवर ओळीओळीने सरकत होतं.

दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर त्यांनी एक ओवी वाचली आणि समोरच्या दोघीतिघींनी माना वर केल्या. त्या इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या. त्यांनाही बरंचसं पाठ होतं. सासूबाई स्वतःही थांबल्या.

"बाई, ही कुठली?" एकीने विचारलं. "ही नव्हती कधी."

"नव्हतीच," दुसरी म्हणाली. "पाट मांडला, त्याच्यानंतर एकदम नैवेद्य येतो."

मग सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले.

"जावईबापूंनी टायपिंग केलंय ना?" मागून आवाज आला. "त्यांना पुस्तकांचा नाद आहे. घातली असेल एखादी पदरची!"

हशा पिकला. मी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हात वर केला.

"काकू," त्या म्हणाल्या, "तुमच्या पोथीत बघा. पाट मांडल्यानंतर काय आहे?"

काकूंनी चष्मा नाकावर खाली ओढला. बोट आधीच तिथे होतं. त्यांनी ओठ हलवत मनात वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मोठ्याने तीच ओवी वाचली. शब्दाला शब्द.

"हाय की हो," काकू म्हणाल्या. "छापलेली हाय. माज्या पोथीत पहिल्यापासूनच हाय. मी कदी बघितलीच नाय, तुमचंच ऐकत आले."

"माझ्या माहेरच्या पोथीचं ते पान खाली फाटलेलं होतं," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "तिच्यावरूनच माझं पाठ झालं, लहानपणी. म्हणजे एवढी वर्षं मी ही गाळत आले. डोळे चांगले होते तेव्हासुद्धा. पुढ्यात पोथी असायची आणि म्हणत होते ती पाठ असलेली."

काकूंनी आपली पोथी बंद केली, पिशवीत घातली आणि पिशवी बाजूला सरकवली.

"म्हंजी बाई आज खरंच वाचतायत," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पाठवाल्याला ही सापडली नसती. वाचा बाई, पुढं वाचा."

"पुढे नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वरच्या बाणावर बोट नेलं, एक ओळ मागे गेल्या आणि पाठ ताठ केली. "हिची इतक्या वर्षांची थकबाकी आहे. मी म्हणते, माझ्यामागून सगळ्यांनी म्हणायचं."

त्यांनी ओवी पुन्हा वाचली. ओवीत विशेष काही नव्हतं; दारी आलेल्या पाहुणीला पाटावर बसवून तिची विचारपूस केली, एवढंच. बायकांनी ती मागून म्हटली, आधी लाजत, मग जोरात. जिन्यावरून येणारा एक शेजारी पिशवी हातात घेऊन तिथेच थांबला. हिरव्या स्क्रीनचा मंद उजेड सासूबाईंच्या गालावर पडला होता, मान नेहमीसारखी कडेला वळलेली होती, आणि त्या एकेक शब्द बघून बघून वाचत होत्या. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर त्या थांबल्या आणि कान दिला.

"मागची रांग," त्या म्हणाल्या, "आवाज येत नाही."